मोठेपणी तू कोण होणार?

शाळेत कोणी पाहुणे आले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. साहेब असोत, सरपंच असोत, नाहीतर पुण्यामुंबईहून आलेला एखादा माजी विद्यार्थी असो, पहिल्या रांगेतल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून ते विचारतात, "काय रे बाळ, मोठेपणी तू कोण होणार?" मुलगा उभा राहतो, एकदा गुरुजींकडे पाहतो आणि म्हणतो, "डॉक्टर." शेजारची मुलगी म्हणते, "शिक्षिका." मागून कोणी "पोलीस" म्हणतो, कोणी "कलेक्टर" म्हणतो, आणि मग सगळा वर्ग हीच चार उत्तरे फिरवून फिरवून देतो. पाहुणे शाबासकी देतात, चहा होतो, आणि प्रश्न तिथेच राहतो.

मंडळी, या प्रश्नाविषयीच आज आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. गुरुजींशी आणि बाईंशी तर बोलायच्या आहेतच, पण ज्यांची मुले शाळेत जातात त्या आईबापांशीही बोलायच्या आहेत.

आता असं पाहा, मुलांनी ही चारच नावे का घ्यावीत? त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे. जे पाहिले त्याचीच इच्छा माणसाला होते. खेड्यातल्या मुलाने इंजेक्शन देणारा डॉक्टर पाहिलेला असतो, वर्गातल्या बाई रोज समोर असतात, जत्रेत पोलीस दिसतो आणि कलेक्टरसाहेबांचे नाव घरात आदराने घेतलेले ऐकू येते. बाकीची कामे त्याच्या डोळ्यांसमोरून रोज जातात, पण ती 'कामे' म्हणून कोणी त्याला दाखवलेली नसतात. त्याच मुलाला विचारा, "तुझे वडील काय करतात?" पुष्कळदा उत्तर येते, "काही नाही, शेती करतात." आई? "आई काही नाही करत, घरीच असते." पहाटे उठून धार काढणारी, दूध केंद्रावर पोचवणारी, दिवसभर खुरपणाला जाणारी आई 'काही नाही' करत! हा 'काही नाही' शब्द मुलाच्या तोंडी कुठून आला, याचा विचार आपण सगळ्यांनीच करायला हवा. तो त्याने आपल्याकडूनच उचललेला आहे.

शाळेतील विद्या आणि गावातील काम यांची अशी फारकत होऊ नये, असे म्हणणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून झाले. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे आपले निवेदन ठेवले. त्यात प्राथमिक शाळेत लेखन, वाचन, हिशेब यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञानही द्यावे, असे त्यांनी स्पष्ट मांडले होते. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हाताच्या उद्योगाच्या आधाराने सगळे विषय शिकवावेत, ही गांधीजींची कल्पना तीत पुढे आली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले, आणि सेवाग्रामला तिचा प्रयोग झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' या मार्गाने गरिबाघरची हजारो मुले शिकवली.

पण याच वाटेवर एक मोठा खड्डाही आहे, आणि तो मी मुद्दाम आधी दाखवतो. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने एक योजना आणली. प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणायची, आणि उरलेल्या वेळात मुलाने घरी आपल्या आईबापांचा धंदा शिकायचा, अशी ती योजना होती. लोक खवळून उठले. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे आणि परटाच्या मुलाने कपडेच धुवावेत, असा याचा अर्थ होतो, असे लोकांनी म्हटले. आणि त्यात खोटे काय होते? १९५४ साली ती योजना मागे घ्यावी लागली. आपल्याकडे जातीने माणसाचे काम जन्माआधीच ठरवून ठेवले होते. शाळा ही त्या कुंपणातून बाहेर पडण्याची वाट आहे. तीच शाळा उलट कुंपण घालू लागली, तर आईबापांनी मूल कशाला पाठवावे?

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. मूल कामे पाहायला जाईल ते दुसऱ्याच्या दारात जाईल. सुताराची मुलगी बँकेत जाईल, बँकेतल्या कारकुनाचा मुलगा सुताराच्या पडवीत बसेल, आणि बागायतदाराचा मुलगा आरोग्य उपकेंद्रात जाईल. पाहायला जायचे ते निवड वाढावी म्हणून.

आता पाहायचे म्हणजे काय, ते दोनचार उदाहरणांनी सांगतो. त्यासाठी मुंबईला सहल काढायची गरज नाही. शाळेपासून अर्ध्या कोसात पुष्कळ आहे.

गावात कोणाच्या तरी घराचे बांधकाम चालू असतेच. सातवीचा वर्ग तिथे न्या, आणि गवंडीकाकांना एकच गोष्ट दाखवायला सांगा: पाया आखताना कोपरा काटकोनात कसा आणता? काका दोऱ्या ताणतील. एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण करतील, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधले तिरपे अंतर मोजतील. ते बरोबर ५ फूट भरले, की म्हणतील, "गुण्यात आलं." आता गुरुजींनी मुलांकडे वळावे. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा वर्ग सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, आणि पंचवीस हा पाचाचा वर्ग. पुस्तकात पायथागोरसचे प्रमेय म्हणून जे पाठ केले, ते इथे मातीत आखलेले आहे. पाया मोठा असेल तर काका ३, ४, ५ ऐवजी ६, ८, १० घेतील. असे का, हे मुलांनीच विचारावे. लांब माप घेतले की बारीक चूकही मोठी होऊन दिसते, हे उत्तर त्यांना काका देतील.

मग ओळंबा पाहावा, आणि ती पाण्याची पारदर्शक नळीही पाहावी. नळीची दोन टोके दोन भिंतींपाशी धरली, की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबते. विज्ञानाच्या तासाला हे आपण शिकवतोच. पण नळीत एखादा बुडबुडा राहिला तर माप फसते आणि भिंत चुकते, हे मात्र पुस्तकात सहसा नसते. ते काकांना ठाऊक असते, कारण कधीतरी त्यांची भिंत चुकलेली असते.

दुसरे ठिकाण म्हणजे दूध संकलन केंद्र. इथे सकाळी लवकर जावे लागेल. दुधात लॅक्टोमीटर सोडतात तो का? दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते. दुधात पाणी घातले की ते हलके पडते आणि लॅक्टोमीटर अधिक खोल बुडतो. चोरी पकडली! पण थांबा. कोणी पाणी न घालता नुसती साय काढून घेतली तर? साय दुधापेक्षा हलकी. ती काढल्यावर उरलेले दूध उलट जड होते, आणि एकट्या लॅक्टोमीटरला ते चांगलेच वाटते. म्हणून फॅट वेगळे मोजावे लागते. गाईच्या दुधाचा दर ठरवताना ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. अशी प्रत धरतात. एस.एन.एफ. म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. बारा किलो दूध आणि ३.५ टक्के फॅट, तर फॅट किती? चारशेवीस ग्रॅम. हे गणित फळ्यावर घातले तर अर्धा वर्ग जांभया देतो. घरच्या दुधाच्या पावतीवरून घातले तर कोणी जांभई देत नाही, आणि एखादी मुलगी संध्याकाळी घरी जाऊन बापाला पावतीही वाचून दाखवते.

तिसरे ठिकाण आरोग्य उपकेंद्र. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांकडे निळी पेटी असते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. उष्णतेने ती बिघडते, आणि काही लसी गोठल्या तरी बिघडतात. म्हणून पेटीत ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या आधी थोड्या बाहेर ठेवून, आत पाणी सुटू लागल्यावरच वापरतात. लसीच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात एक फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन काळपट होत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती बाटली टाकून द्यायची. सिस्टरांनी मुलांच्या हातात अशी टाकाऊ बाटली देऊन एवढे सांगितले, तरी रसायनशास्त्र जीव वाचवायला कसे उपयोगी पडते, हे त्यांना कळते. आणि मग एखादी मुलगी विचारते, "ताई, तुम्ही हे कुठे शिकलात?" हा प्रश्न मोलाचा आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा ए.एन.एम.चा अभ्यासक्रम असतो, तीन वर्षांचा जी.एन.एम.चा असतो, हे तिला प्रत्यक्ष त्या वाटेने चाललेल्या बाईच्या तोंडून ऐकायला मिळते.

चौथे ठिकाण तलाठ्याचे कार्यालय. आपल्या बोलण्यात एकर आणि गुंठा, आणि सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून लोक गुंठा आणि आर एकच धरतात. पण चाळीस गुंठ्यांच्या एकराला हा फरक पाचशे चौरस फुटांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. अर्ध्या गुंठ्यासाठी भाऊभाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिले आहेत की नाही? मग हे गणित आठवीच्या मुलाला आलेच पाहिजे. भूमापन नावाचे एक काम असते आणि त्यातही माणसे लागतात, हे त्याला त्याच वेळी कळेल.

अशी ठिकाणे गावोगाव निराळी निघतील. कोकणात होडी बांधणारा असेल, सोलापूरकडे यंत्रमाग असतील, आणि सौरपंप दुरुस्त करणारा तरुण तर आता कुठेही भेटेल. शिक्षकांनी आपल्या गावाची यादी आपणच करावी.

जाताना मुलांजवळ पाच प्रश्न असावेत. एक, दिवसभरात आपण काय काय करता? दोन, हे कुठे शिकलात, किती वर्षे लागली आणि खर्च किती आला? तीन, शाळेत शिकलेले काय उपयोगी पडले, आणि काय शिकायचे राहून गेले असे वाटते? चार, या कामात चूक कुठे होते? पाच, या कामावर वर्षभर घर चालते का? पाचवा प्रश्न विचारायला मुले लाजतात. अदबीने विचारला तर माणसे खरे सांगतात. गवंडी म्हणेल, पावसाळ्यात हात रिकामे असतात. हेही मुलांना कळायला हवे. कामाची नुसती चांगली बाजू दाखवून मुलांना फसवू नये.

आता दुसरी गोष्ट, आणि ती तितकीच महत्त्वाची. पाहून आलेले सांगायचे. इथे पुष्कळ शाळा कमी पडतात. मुले भेट देऊन येतात, वहीत दहा ओळी लिहितात, गुरुजी सही करतात आणि प्रकरण मिटते.

आपल्या रेडिओचाच एक अनुभव सांगतो. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळे चालवली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा, आरोग्याचा कार्यक्रम ऐकायचा, आणि रेडिओ बंद झाल्यावर त्यावर आपसात चर्चा करायची, अशी रीत होती. नंतर पाहणी झाली, तेव्हा जिथे ऐकून चर्चा झाली त्या गावांतील लोकांच्या ज्ञानात, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा कितीतरी अधिक भर पडल्याचे दिसले. ऐकलेले बोलून दाखवावे लागले, की ते आपले होते. मोठ्यांचे जे, तेच मुलांचे.

म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तास यासाठी राखावा. चार मुलांच्या गटाने आपण काय पाहिले ते सांगावे. सातवीने पाचवीला सांगावे. पाचवीतली मुले असे प्रश्न विचारतात की सांगणाऱ्याला पुन्हा जाऊन विचारून यावे लागते, आणि तोच खरा अभ्यास. महिन्यातून एकदा संध्याकाळी, रानातली माणसे घरी परतल्यावर, पालकांना बोलवावे. आणि ज्या गवंड्याकडे, ज्या सिस्टरांकडे मुले गेली होती त्यांना पुढच्या रांगेत बसवावे. मूल चुकले तर त्यांनी सांगावे, "नाही बाळ, तसं नसतं ते." ज्या माणसाला शाळेची पायरी चढताना संकोच वाटत होता, तो त्या दिवशी शाळेत शिक्षक म्हणून बसतो. याचा परिणाम मुलांवर काय होत असेल, ते मी वेगळे सांगायला नको.

एक विनंती आहे. मुलांचे भाषण गुरुजींनी लिहून देऊ नये. "माननीय अध्यक्ष महाशय" पासून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" पर्यंत पाठ केलेले भाषण आपण खूप ऐकले. मूल अडखळू दे, आपल्या बोलीत बोलू दे. दोरी, ओळंबा, दुधाची पावती हातात धरून बोलू दे. हातात वस्तू असली की जीभ आपोआप सुटते.

हे सगळे बोलायला ठीक, करून कोणी दाखवले आहे का, असे कोणी विचारील. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून १९८३ साली तिथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करीत शिकायचे, अशी त्यांनी रीत घातली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य असे चार भाग त्यात केले. मुले आणि मुली चारही भाग शिकतात. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाकातले पोषण शिकतो. शिकवायला गावातलेच कुशल कारागीर. आणि केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे, यावर भर. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण तो विषय पुढे इतर अनेक शाळांत पोचला.

आता पालकांची शंका. "आम्ही पोराला शिकायला पाठवलं, विटा उचलायला नाही." बरोबर आहे, आणि असे म्हणणाऱ्या बापाला शाळेने मान द्यावा. मुलांनी पाहायचे, विचारायचे, हाताळायचे. कोणाची मजुरी करायची नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. आधी पालकांची संमती घ्यावी, शिक्षक बरोबर असावेत, आणि चालू यंत्रापासून, विजेच्या तारेपासून मुले लांब उभी करावीत.

शिक्षकांची शंका वेगळी. "पोर्शन कधी पुरा करायचा?" पण वर सांगितलेल्या चार ठिकाणी प्रमेय, दशांश, घनता, तापमान, क्षेत्रफळ एवढे सगळे येऊन गेले, हे मोजून पाहा. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांबरोबर घालवावेत, असे सुचवलेच आहे. दहा दिवस हाताशी आहेत. ते नुसत्या सहलीत आणि खेळात संपवायचे की नाही, ते आपल्या हाती आहे.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे पुष्कळ मुलींची शाळा सातवी-दहावीला थांबते. दरवेळी दुष्टपणानेच थांबते असे नाही. घरात प्रश्न निघतो, "शिकून पुढं करणार काय?" आणि मुलीजवळ उत्तर नसते. 'डॉक्टर' म्हणावे तर घरचे हसतात, कारण त्या वाटेचा खर्च आणि वर्षे कोणालाच झेपणारी वाटत नाहीत. पण तीच मुलगी जर म्हणाली, "दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं असतात," किंवा "बारावीनंतर सिस्टरताईंसारखा कोर्स करीन, त्या स्वतः मला माहिती द्यायला तयार आहेत," तर घरातल्या माणसांना त्यावर विचार करावा लागतो. नुसते स्वप्न नाकारणे सोपे असते. वर्षे, खर्च, गाव आणि ओळखीचे माणूस घेऊन आलेली मुलगी नाकारणे तितके सोपे नसते. सगळ्या जणी जिंकतील असे मी म्हणत नाही. पण रिकाम्या हाताने भांडण्यापेक्षा हे बरे.

तेव्हा पुन्हा कधी पाहुणे म्हणून शाळेत गेलात, तर तो जुना प्रश्न थोडा बदलून विचारा. "बाळ, तू कोणाचं काम पाहून आलास? सांग बरं मला." आणि मग घड्याळाकडे न पाहता ऐकत बसा.

आईबापांनी तर आज रात्री जेवताना याची सुरुवात करावी. आपण दिवसभर काय केले ते मुलाला सांगा. पाण्याची पाळी कशी धरली, दुधाला काय दर मिळाला, कोणते बियाणे घेतले आणि का घेतले. उद्या कोणी विचारलेच, "तुझे आईवडील काय करतात?" तर मुलाच्या तोंडून 'काही नाही' निघू नये, एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले.